मूळ तास बदलल्याशिवाय

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं पथक यायचं ठरलं की विज्ञान शाखेच्या प्रत्येक विभागात एक फाइल झटकून पुढे आणली जाते. मागे पडणाऱ्या आणि पुढे असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तुम्ही वेगळं काय करता, असा प्रश्न त्या मूल्यांकनात असतो. उत्तरादाखल उपचारात्मक वर्गांचं वेळापत्रक, हजेरीपट आणि दोन-चार फोटो जोडलेले असतात. फाइल खोटी नसते. वर्ग खरंच घेतलेले असतात आणि बहुतेकदा मनापासून घेतलेले असतात. तरी पहिल्या सत्राचा निकाल लागला की केटी लागलेल्यांच्या यादीत दरवर्षी साधारण तशीच मुलं दिसतात: मराठी माध्यमातून आलेली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली, गावाहून एसटीने ये-जा करणारी. पुष्कळांच्या बाबतीत तर या तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञान शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. विज्ञानशिक्षणातली विषमता मूळ तासात वाढते आणि आपण तिच्यावरचा इलाज जादा तासात शोधत बसतो. मूळ तास आहे तसाच ठेवून त्याला बाजूने कितीही ठिगळं जोडली तरी निकालाचं चित्र फारसं हलत नाही.

‘आम्ही सगळ्यांना सारखंच शिकवतो,’ असं स्टाफरूममध्ये म्हटलं जातं ते प्रामाणिकपणेच. जात, माध्यम, गाव काही न पाहता एकच फळा, एकच व्याख्यान, एकच प्रश्नपत्रिका. पण समोर बसलेल्यांपैकी एकाने अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरच्या किंवा पुण्याच्या क्लासमध्ये घालवलेली असतात. गाउसचा नियम फळ्यावर येतो तेव्हा त्याची ती उजळणी असते. त्याच्या शेजारी बसलेल्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रात्यक्षिकं कागदोपत्रीच झालेली असतात. त्याची त्या नियमाशी ही पहिलीच गाठ. त्यातून तो दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेला. एकाच दमात त्याला विषयही समजून घ्यायचा असतो आणि भाषाही, आणि यातलं काय निसटलं हे कळायला थेट सत्रान्त परीक्षा उजाडते. शिवाय कॉलेजचे म्हणून काही अलिखित नियम असतात. कुठलं पुस्तक वाचायचं आणि कुठलं नुसतं विकत घेऊन ठेवायचं, जर्नल वेळेत सर्टिफाय झालं नाही तर काय होतं, शंका विचारायला स्टाफरूमच्या दारात उभं राहिलेलं चालतं का, फेरतपासणीचा अर्ज केव्हा करायचा. ज्या घरातली ताई किंवा दादा कॉलेजला गेलेले असतात तिथे हे जेवताना बोलता बोलता कळतं. ज्या घरात कुणी गेलेलं नसतं तिथे ते चुकून, दंड भरून, वर्ष घालवून कळतं. अशा वर्गात आपण ‘कळलं का?’ विचारतो, पहिल्या दोन बाकांवरच्या माना हलतात आणि डस्टर फिरतो. सारखं शिकवणं म्हणजे प्रत्यक्षात ज्यांना आधीच बरंचसं येतं त्यांच्या वेगाने शिकवणं होऊन बसतं.

या प्रश्नाचा मला सर्वांत उद्बोधक वाटणारा अभ्यास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातला आहे. 1970च्या दशकात युरी ट्रीजमन तिथे गणित शिकवत होते. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत. सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा जी कारणं पुढे आली ती आपल्याकडेही रोज ऐकू येतात: जिद्द नाही, पाया कच्चा, घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही, परिस्थिती बेताची. ट्रीजमन यांनी दोन्ही गटांतले 20-20 विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यात मिसळून पाहिलं. चारही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं आपापल्या शाळेतली हुशार म्हणून नावाजलेली होती, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेली होती आणि सांगितलेला अभ्यास इमानेइतबारे करत होती. फरक असा होता की ती एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं आधी स्वतंत्रपणे अभ्यास करत आणि मग एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. जे गणित कुणालाच सुटत नाही ते खरोखरच अवघड आहे, चूक आपल्या डोक्याची नाही, हे त्यांना तिथे कळे. एकट्याने बसणाऱ्याला मात्र प्रत्येक अडलेलं गणित म्हणजे आपण इथले नव्हेत याचा पुरावा वाटे. ट्रीजमन यांनी मग कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत त्यांनी नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. मागे पडलेल्यांची शिकवणी असं त्यांना स्वरूप येऊ दिलं नाही. होतकरू विद्यार्थ्यांचा गट म्हणूनच आमंत्रण दिलं. या कार्यशाळांना येणाऱ्या विद्यार्थ्यांचा निकाल ठळकपणे सुधारला. उपचारात्मक वर्गाला मुलं का येत नाहीत याचं उत्तर मला इथे सापडतं. ज्या वर्गात बसणं म्हणजे ‘आपण कच्चे’ असं सगळ्यांसमोर कबूल करणं असतं, तिथे मानी मुलगा जात नाही.

ट्रीजमन यांनी मूळ वर्गाच्या बाहेर जे केलं ते पुढच्या पिढीतल्या प्राध्यापकांनी वर्गाच्या आत आणलं. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या अध्यापनावरच्या 225 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण 33.8 टक्के होतं. विद्यार्थ्यांना तासातच विचार करायला, सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते 21.8 टक्के होतं. 2020 साली एली थिओबाल्ड आणि इतरांनी त्याच पद्धतीचं दुसरं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात अल्पसंख्य वंशगटांतल्या आणि गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांची बाकीच्यांशी तुलना होती. कृतिशील वर्गांत परीक्षेच्या गुणांतली दरी 33 टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणातली दरी 45 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मात्र एक अट होती. तासाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या हाती दिला होता तिथेच दरी कमी झाली. व्याख्यानाच्या शेवटी तोंडी लावण्यापुरता एखादा प्रश्न टाकण्याने काही झालं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथे सारा एडी आणि केली होगन यांनी जीवशास्त्राच्या एका अभ्यासक्रमात तासाआधीचं मार्गदर्शित वाचन, तासातली कृती आणि तासानंतरचा सराव अशी घडी बसवली. सगळ्यांचेच गुण वाढले. कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय विद्यार्थ्यांमधली दरी निम्मी झाली आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांची दरी तर बुजली. हे शेवटचं निरीक्षण आपल्या कामाचं आहे, कारण आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात असे विद्यार्थी अपवादाने नव्हे, ढिगाने असतात.

अशा तासाला यंत्रसामग्री लागते असा एक समज आहे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी 1990च्या दशकात रूढ केलेली पद्धत आपल्या कुठल्याही वर्गात फळा आणि खडूवर चालते. एक प्रश्न घ्या. 60 वॅटचा आणि 100 वॅटचा असे दोन साधे बल्ब एकसर जोडणीत जोडून घरच्या वीजपुरवठ्याला लावले, तर जास्त प्रखर कुठला पेटेल? फळ्यावर चार पर्याय लिहायचे. मुलांनी एक मिनिट गप्प राहून विचार करायचा आणि मग छातीशी हात धरून बोटांनी पर्याय दाखवायचा, म्हणजे ते शेजाऱ्याला दिसत नाही, शिक्षकाला दिसतं. बहुतेक बोटं 100 वॅटच्या बाजूने उठतात, क्लास केलेल्यांचीसुद्धा. मग दोन-तीन मिनिटं ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवून द्यायचं, आणि तेही मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, जी भाषा येते तिच्यात. इथे वर्गाचा नूर पालटतो. इंग्रजीत एक वाक्य जुळवता न आल्याने जी मुलगी सत्रभर गप्प असते, ती ‘अरे, दोघांतून करंट सारखाच जाणार ना?’ असं शेजारणीला ठणकावते. पुन्हा बोटं वर होतात आणि बरीचशी बदललेली असतात. 60 वॅटच्या तारेचा रोध जास्त, प्रवाह दोघांत एकच, म्हणून तोच जास्त उजळतो, हे शेवटी शिक्षकाने इंग्रजी संज्ञांसह नीट मांडायचं. यात दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांत शिक्षकाला वर्गातल्या प्रत्येकाचं आकलन दोनदा दिसतं. एरवी ते उत्तरपत्रिका तपासताना दिसतं, तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मात्र मुलांना गटात बसवलं की समता आपोआप येते, असं मानण्यात अर्थ नाही. आपल्या प्रयोगशाळा याचा रोजचा दाखला आहेत. एका स्पेक्ट्रोमीटरभोवती चार-पाच जण उभे असतात. एक जण दुर्बीण फिरवून तार रेषेवर आणतो, दुसरा भिंगातून व्हर्नियर वाचतो, ‘अक्षर चांगलं आहे’ म्हणून निरीक्षणांचा तक्ता मुलीकडे दिला जातो, आणि उरलेले दोघे नंतर तिचं जर्नल उतरवतात. प्रॅक्टिकल झालं, सह्या झाल्या, पण उपकरणाला हात दोघांचाच लागला. ते दोघे बहुधा आधीपासून हात लावायची सवय असलेलेच असतात. उपाय साधा आहे. दर प्रयोगाला कामं फिरती ठेवायची, कुणी काय केलं ते जर्नलमध्ये लिहायला लावायचं, आणि व्हायवात ज्याने जे केलं नाही तेच त्याला विचारायचं. गटाला रचना दिली तरच तो मागच्याला पुढे आणतो. नाही दिली तर वर्गातली उतरंड टेबलाभोवती पुन्हा उभी राहते. संशोधनातला ‘रचना’ हा मुद्दा मला म्हणूनच कळीचा वाटतो. छोट्या-छोट्या, कमी गुणांच्या साप्ताहिक चाचण्या, तासाआधी वाचायची ठरावीक पानं, उत्तर कसं असलं की किती गुण मिळतात याचा आधीच वाटलेला नमुना, या सगळ्यांतून कॉलेजचे अलिखित नियम लिखित होतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो पायाचा. बारावीपर्यंतच इतकं राहून गेलेलं असतं की कॉलेजने काय करावं? तयारीतला फरक खराच आहे आणि तो नाकारून काही साधणार नाही. पण तोच फरक घेऊन आलेली मुलं एका प्रकारच्या अभ्यासक्रमात बुडतात आणि दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासक्रमात तरतात, हे दिसल्यावर सगळा दोष पायावर टाकता येत नाही. दुसरा आक्षेप दर्जाचा: सगळ्यांना पास करायच्या नादात पातळी घसरेल. ट्रीजमन यांची गणितं नेहमीपेक्षा अवघड होती आणि फ्रीमन यांच्या विश्लेषणात परीक्षांचे गुणही वाढलेले आहेत. दर्जा खाली येतो तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘आयएमपी’ सांगण्याने आणि इंटर्नलचे गुण हात सैल सोडून वाटण्याने, आणि हे दोन्ही आपण बिनदिक्कत करतो. शिक्षकाच्या अपेक्षेचाही इथे संबंध आहे. एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी 2019 साली 150 प्राध्यापक आणि 15,000हून अधिक विद्यार्थी यांची पाहणी केली. बुद्धी जन्मजात असते आणि ती बदलत नाही असं मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गांत वांशिक दरी, इतर प्राध्यापकांच्या तुलनेत, दुपटीपर्यंत मोठी आढळली. ही पाहणी सहसंबंध दाखवते, कार्यकारण सिद्ध करत नाही. तरीही ‘याच्याकडून काही व्हायचं नाही’ हे आपलं मत विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही अशा भ्रमात कुणी राहू नये.

पोर्शन संपणार नाही हा तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. विद्यापीठाची परीक्षा अख्ख्या अभ्यासक्रमावर असते. दहा-दहा मिनिटं चर्चेत गेली तर शेवटचं युनिट उरेल. ही किंमत खरी आहे. ती चुकवायची एकच वाट आहे: जे पुस्तकात ओळीने दिलेलं असतं ते फळ्यावर उतरवून देणं थांबवायचं. सिद्धता मुलांनी आधी वाचून यावी आणि तासात ती जिथे अडते तिथेच वेळ द्यावा. फळ्यावर संपलेला पोर्शन आणि मुलांच्या डोक्यात उतरलेला पोर्शन यांतलं अंतर आपल्याला निकालपत्रावरून ठाऊक असतं. चौथा आक्षेप तर विद्यार्थीच घेतात: सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात. हार्वर्डमध्येच 2019 साली लुई डेलोरिएर आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. कृतिशील वर्गातले विद्यार्थी प्रत्यक्षात जास्त शिकले होते, पण त्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः सोडवताना अडखळायला होतं. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावं लागतं, नाहीतर वर्षअखेरीच्या अभिप्रायपत्रात शिक्षकाचे गुण कापले जातात आणि तो पुढच्या वर्षी निमूट व्याख्यानाकडे वळतो.

पाचवा आक्षेप साधनांचा. वर्गात एकशेवीस मुलं, शिक्षकांच्या निम्म्या जागा रिकाम्या, तास घेणारा तासिका तत्त्वावरचा. सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात धावणाऱ्या या सहकाऱ्याला मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. दर आठवड्याला चाचणी तपासायचा भार त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. सिॲटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड हॅक आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवलं की रोजचा आणि आठवड्याचा सराव नेटाने बसवला, तर जादा खर्च न करताही शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात सामाजिकदृष्ट्या मागे असलेल्यांची दरी कमी होते. चाचण्या मुलांनी एकमेकांच्या तपासायच्या, प्रश्नांचा संच विभागाने मिळून बनवायचा, म्हणजे दर वर्षी बदलणाऱ्या शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पण या पुराव्याचा उपयोग रिक्त पदं न भरण्यासाठी कुणी करू नये. अशी घडी बसवायला आणि टिकवायला तीन-चार वर्षं एका जागी असणारा शिक्षक लागतो. मार्चनंतर ज्याची नेमणूकच उरत नाही त्याच्याकडून ही अपेक्षा धरता येत नाही.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याकडे जात आहे, भाषा आहे, तिथलं इथे कसं लागू व्हावं, असंही विचारलं जातं. वंश आणि जात यांचा इतिहास वेगळा आहे, आकडे जसेच्या तसे इथे उतरतील असं मीही म्हणणार नाही. पण आपल्याकडची वाटही अगदीच अनोळखी नाही. मुंबईत 1974 साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केलं. सुधाकर आगरकर त्यात त्यांचे सहकारी होते. गुणवत्ता नाही असं ज्यांच्याबद्दल गृहीत धरलं जात होतं, ती मुलं योग्य अध्यापन आणि सोप्या केलेल्या भाषेच्या आधारावर चांगली पुढे आली. ते काम शालेय पातळीवरचं होतं. कॉलेजांनी ते पुढे नेलं असतं तर आज आपल्याला परदेशी आकड्यांचा इतका आधार घ्यावा लागला नसता.

सहावा आक्षेप आक्षेपापेक्षा आठवण आहे. मूल नापास होतं ते तासामुळेच नव्हे. शिष्यवृत्ती वर्ष संपताना येते, वसतिगृहात जागा नसते, रात्री कुठेतरी काम करून सकाळी कॉलेज गाठायचं असतं. 2024-25पासून राज्याने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ केलं, हे मोठं पाऊल आहे. शिकवण्याची पद्धत बदलून पोट भरत नाही, हेही खरं. पण नेमक्या याच कारणाने इलाज जादा तासात ठेवू नये. जादा तास ठेवला जातो तो कॉलेज सुटल्यावर किंवा रविवारी. गावाकडची शेवटची एसटी तेव्हा निघून गेलेली असते, कामावर जाणारा मुलगा कामावर असतो, आणि मुलीला अंधारायच्या आत घरी पोचायचं असतं. ज्यांच्यासाठी तो तास असतो तेच त्याला येऊ शकत नाहीत. मूळ तासाला मात्र ती मुलं असतात, कारण हजेरी लागते.

विभागांनी सुरुवात आपल्याच आकड्यांपासून करावी. पहिल्या सत्राचा निकाल माध्यम, लिंग, सामाजिक प्रवर्ग, घरातली पहिली पिढी, वसतिगृह की ये-जा अशा कसोट्यांवर लावून पाहावा. नावं काढून, आणि वर्गात कुणाचा प्रवर्ग पुकारला जाणार नाही याची काळजी घेऊन. एकाच विषयाच्या दोन तुकड्यांत दरी वेगवेगळी निघाली, तर तो फरक मुलांच्या पूर्वायुष्यातून आलेला असण्याचा संभव कमी, शिकवण्याच्या पद्धतीतून आलेला असण्याचा जास्त. मग त्या दोन शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला जाऊन बसावं. पुढच्या सत्रात एका विषयापुरती साप्ताहिक चाचणी आणि तासातली चर्चा बसवून पुन्हा निकाल ताडून पाहावा. फरक पडला नाही तर रचना बदलावी. पडला तर दुसऱ्या विषयात न्यावी. यासाठी कुठल्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. लागते ती एवढीच तयारी, की नापासांची यादी हातात आल्यावर मुलांबद्दल बोलण्याआधी विभागाने आपल्या तासांबद्दल बोलावं.